गांधी उठल्या होत्या का?

गेली सहा वर्षं मी पुण्यातल्या एका एथिक्स कमिटीवर आहे. माणसांवर औषधाची चाचणी करायची तर आधी या कमिटीची मंजुरी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान सात जण असावे लागतात आणि त्यात एक तरी सामान्य माणूस हवाच. डॉक्टर नाही, वकील नाही, असा. ती सामान्य व्यक्ती मी. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा ओळखीच्या एका डॉक्टरांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. माझ्याकडे मुख्य काम एकच असतं, चाचणीत भाग घेणारा ज्यावर सही करतो ते मराठी संमतीपत्र वाचायचं.

मला म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. ज्याला सही करायची त्याला कळत नाही अशा मराठीत घेतलेली संमती ही संमती नाही. खाली सही असली, अंगठा असला, व्हिडिओ काढलेला असला तरी नाही.

गेल्या वर्षी एका नव्या अँटिबायोटिकचा प्रस्ताव आमच्यापुढे आला. औषधाचं नाव सांगता येणार नाही, आम्ही गोपनीयतेच्या करारावर सह्या केलेल्या असतात. औषध होतं शिरेतून द्यायचं, आणि आता त्याची तोंडावाटे घ्यायची तीन रूपं केली होती: कॅप्सूल, गोळी आणि पाण्यात कालवायची पावडर. ही तिन्ही रूपं धडधाकट तरुणांना आळीपाळीने द्यायची, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे आणि प्रत्येक वेळी रक्त तपासून बघायचं की कुठल्या रूपातलं औषध किती उतरतं, किती लवकर उतरतं. काम खरोखर गरजेचं होतं. माझा विरोध त्याला नव्हता, आजही नाही.

संमतीपत्र बावीस पानी होतं. दुसऱ्या पानावरचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं: ‘सदर अभ्यास हा अभ्यास औषधाच्या तोंडी सूत्रीकरणांच्या सापेक्ष जैवउपलब्धतेचे मूल्यमापन करण्याकरिता अभिकल्पित करण्यात आला आहे.’ मी ते तीनदा वाचलं. ‘तोंडी सूत्रीकरण’ म्हटलं की मला तोंडी परीक्षा आठवते. मराठीच्या बाईंची ही गत, तर बारावी झालेल्या पोराने काय करायचं?

बैठकीत मी म्हटलं, हे असं लिहा: ‘हे औषध आजवर फक्त शिरेतून देत होते. आता त्याची गोळी, कॅप्सूल आणि पावडर तयार केली आहे. यातलं कुठलं पोटात गेल्यावर रक्तात नीट उतरतं, ते आम्हाला बघायचं आहे. तुम्हाला कुठलाही आजार नाही. त्यामुळे या औषधाचा तुम्हाला काहीही फायदा होणार नाही. त्रास मात्र होऊ शकतो.’ शेवटच्या दोन वाक्यांवर खोली शांत झाली. एक जण म्हणाले, ‘मॅडम, इतकं सरळ लिहिलं तर पोरं येणार नाहीत.’ मी म्हटलं, ‘सर, मग तर लिहायलाच हवं.’

मला या कामाचं मोल कळत नाही असं कुणी समजू नये. मी पिंपरीच्या एचए कॉलनीत वाढले. १९५४ साली सुरू झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, देशातला पहिला सरकारी औषध कारखाना. वडील फर्मेंटेशनला होते. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची आणि तिला खायला मक्याच्या भिजवणीचा दाट अर्क घालायचा. तो आंबूस वास त्यांच्या शर्टाला कायम असायचा आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. मी एकदा विचारलं होतं की हे औषध सुईनेच का देतात, गोळी का नाही करत? ते म्हणाले, ‘पोटातल्या आम्लात हे टिकत नाही गं, विरून जातं.’ साधं पेनिसिलिन खरंच टिकत नाही. १९५० च्या दशकात ऑस्ट्रियात आम्लाला दाद न देणारं पेनिसिलिन व्ही हाती आलं, तेव्हा कुठे पेनिसिलिनची गोळी भरवशाची झाली.

सुई आणि गोळी यांत किती अंतर असतं ते ज्याच्या घरचं माणूस दवाखान्यात पडलंय त्याला विचारा. ताप उतरलाय, जेवण जातंय, पण औषध फक्त शिरेतून मिळतं म्हणून आणखी आठ दिवस खाटेवर. बिल वाढतं, हाताला सुज येते, सुईच्या जागेतूनच दुसरं इन्फेक्शन शिरायची भीती. सोबतीला थांबलेल्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. त्याच औषधाची चांगली गोळी असेल तर माणूस घरी जातो. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण आहे. वॉकहार्ट कंपनीचं लेवोनॅडिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक २०२० साली भारतात आलं ते इंजेक्शन आणि गोळी अशा दोन्ही रूपांत. गोळीसाठी मूळ औषधाला ॲलॅनिन नावाच्या अमिनो आम्लाचा तुकडा जोडलाय, तो शरीरात गेल्यावर सुटतो आणि औषध मोकळं होतं. जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ११ लाख ४० हजार माणसं गेली, असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे. नवी औषधं हवीतच, आणि ती गोळीत हवीत. त्यासाठी कुणीतरी निरोगी माणसाने ती आधी गिळावी लागते.

कमिटीच्या सदस्यांना चाचणी चालते ती जागा बघायला जाता येतं. मी गेले. शहराबाहेरची इमारत, सकाळचे सात. रात्री दहा तास काही न खाल्लेली चोवीस पोरं खाटांवर बसलेली, अंगात सारखेच टी-शर्ट, छातीवर नंबर, हाताला कॅन्युला, म्हणजे रक्त काढायला शिरेत ठेवलेली बारीक नळी. आठच्या ठोक्याला एक नंबरला डोस. पुढच्याला दोन मिनिटांनी, त्याच्या पुढच्याला आणखी दोन मिनिटांनी. भिंतीवरचं घड्याळ, सिस्टरच्या टेबलावरचं घड्याळ, दोन्ही सेकंदाला जुळवलेली. पाणी मोजून २४० मिली. गोळी गिळली की तोंड उघडायचं, जीभ वर करायची, सिस्टर टॉर्च मारून बघणार. हाताचे तळवेही बघणार. मग चार तास आडवं व्हायचं नाही. पंधरा मिनिटांनी रक्त, अर्ध्या तासाने रक्त, पाऊण तासाने रक्त. जांभळ्या झाकणाच्या नळ्या बर्फात उभ्या.

एक मुलगा कॅन्युला नसलेल्या हाताने एमपीएससीच्या नोट्स वाचत होता. धाराशिवकडचा, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारा. मला बघून त्याने विचारलं, ‘मॅडम, जैवउपलब्धता म्हणजे औषध बाजारात उपलब्ध आहे की नाही ते का?’ त्याने सही चार दिवसांपूर्वीच केली होती.

आमच्या दुरुस्त्या करून आलेलं संमतीपत्र होतं ते. मी सुचवलेली वाक्यं आत होती, पण शीर्षकात आणि पुढच्या वीस पानांत जुनीच भाषा तशीच होती. मला फार वाईट वाटलं. जैवउपलब्धता म्हणजे औषध रक्तात किती उतरतं ते, असं मी त्याला समजावून सांगितलं तर म्हणाला, ‘असं होय. मग हे पहिल्या पानावर का नाही?’

घरी माहीत आहे का, विचारलं. ‘नाही. आई घाबरंल.’ पैशाचं विचारलं तर संकोचला. तीन महिन्यांची मेस आणि अभ्यासिकेची फी सुटते म्हणाला. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. त्याने वेळ दिला, रक्त दिलं, धोका पत्करला. त्याला मोबदला मिळायलाच हवा, आणि मध्येच सोडून गेला तर तेवढ्या दिवसांचा हिशेब करूनही मिळायला हवा. ते वाक्य फॉर्ममध्ये ठळक अक्षरात यावं म्हणून मी दोन बैठका भांडले, कारण ‘कधीही माघार घेऊ शकता’ याला पैसे बुडण्याची भीती असेल तर काडीचा अर्थ राहत नाही.

पुण्याला निरोगी माणसांवरच्या चाचण्या नव्या नाहीत. २००५ साली भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (नारी) एचआयव्हीच्या लशीची देशातली पहिली चाचणी झाली. २६ ऑगस्ट २०२० ला भारती हॉस्पिटलमध्ये कोव्हिशील्डचे पहिले डोस टोचले, तेव्हा टीव्हीचे कॅमेरे दारात उभे होते आणि आपण सगळ्यांनी त्या स्वयंसेवकांचं कौतुक केलं. गोळ्या गिळणाऱ्या या पोरांना मात्र घरी सांगायचीही चोरी. तुमच्या चिठ्ठीवर डॉक्टर लिहितात ना ‘जेवणानंतर’, ‘उपाशीपोटी’? सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि औषध कमी उतरतं, असं सांगतात ना? सेफुरॉक्झिमची गोळी उलट जेवणानंतर जास्त चांगली लागू होते. हे सगळं अशाच कुणाच्या तरी दंडातून दर पंधरा मिनिटांनी काढलेल्या रक्तावरून कळलेलं आहे.

धोका खरा असतो. २००६ साली लंडनमध्ये एका नव्या औषधाच्या पहिल्याच डोसनंतर सहा निरोगी तरुण काही तासांत अतिदक्षता विभागात गेले. २०१६ साली फ्रान्सच्या रेन शहरात एक स्वयंसेवक दगावला. ती औषधं अँटिबायोटिक नव्हती, आणि अँटिबायोटिकच्या चाचण्या सहसा सुखरूप पार पडतात, तरी जुलाब, यकृतावर ताण, हृदयाच्या ठोक्यांत फरक, अंगावर उठणं, हे होऊ शकतं. पोटातले चांगले जिवाणूही मरतात. माझ्या हातात आलेल्या फॉर्ममध्ये ते ‘जठरांत्रीय प्रतिकूल घटना’ या तीन शब्दांत गुंडाळलेलं होतं.

आता ही भाषा येते कुठून? मूळ फॉर्म इंग्रजीत होतो. त्याचं शब्दाला शब्द ठेवून मराठी होतं. मग दुसऱ्या अनुवादकाकडून ते मराठी परत इंग्रजीत करून घेतात आणि मूळ इंग्रजीशी ताडून बघतात. जुळलं की प्रमाणपत्र. म्हणजे मराठी जितकी इंग्रजीच्या मापाची, तितकी ती परत जाताना चोख जुळणार. मी केलेलं ‘रक्तात किती उतरतं’ परत इंग्रजीत नेलं की जुळत नाही, म्हणून ते चुकीचं ठरतं! सगळी तपासणी कागदाची कागदाशी होते. ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला पाच माणसांत बसवून ‘तुला काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग’ असं मी पाहिलेल्या एकाही चाचणीत कुणी विचारलं नव्हतं. तपासणी असलीच तर ती असावी, एवढंच मी सहा वर्षं मागते आहे.

स्वास्थ्य अधिकार मंच या सामाजिक संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टात सुनावण्या झाल्या, तेव्हा २०१३ मध्ये कोर्टाने आणि सरकारने चाचण्यांचे नियम आवळले. नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल घटकातला माणूस असेल तर संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. चांगलं झालं. पण मी ते व्हिडिओ पाहिले आहेत. कोऑर्डिनेटर भराभर वाचतोय, समोरचा मान हलवतोय. आपल्याकडे शिकलेल्या माणसासमोर ‘कळलं नाही’ म्हणणं जड जातं, म्हणून माणूस मान हलवतो. हे तीस वर्षं वर्गात रोज बघितलंय मी.

तीच गत तीन महिन्यांच्या अटीची. ‘मागील ९० दिवसांत अन्य अभ्यासात सहभाग नसावा.’ नुसता नियम, कारण नाही. मग पोरांना वाटतं हा कंपनीचा काहीतरी कागदी नियम, आणि कुणीकुणी दुसरीकडे जाऊन बसतो. ‘आधीचं औषध अंगात उरलेलं असेल तर दोन्ही मिळून तुम्हाला अपाय होईल, आणि एवढं रक्त लागोपाठ देणं बरं नाही’ हे लिहायला दोन ओळी लागतात. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये अशा स्वयंसेवकांची देशभराची नोंद ठेवतात, कोण कधी कुठे बसला ते कळतं. आपल्याकडेही सरकारने तशी सक्तीची एकच नोंद करावी.

एक मात्र मनासारखं झालं. काही महिन्यांनी पेनिसिलिनच्या घराण्यातल्या एका औषधाचा प्रस्ताव आला. त्यात ‘अतिसंवेदनशीलतेचा पूर्वेतिहास’ असा रकाना होता. मी हट्टाने तो बदलून घेतला: ‘लहानपणी कधी इंजेक्शनने किंवा गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ सुजले होते का? दम लागला होता का? आठवत नसेल तर घरी विचारून या.’

संमती घेताना बघायला मी मुद्दाम गेले. तोच धाराशिवचा मुलगा रांगेत. आधीच्या स्टडीत डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, ॲलर्जी आहे का? त्याने नाही सांगितलं होतं, कारण ॲलर्जी म्हणजे त्याच्या लेखी धुळीने येणाऱ्या शिंका. आता तो ते वाक्य वाचून थांबला. बाहेर व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. आईपासून लपवलेलं सगळं त्याला आधी सांगावं लागलं, बराच वेळ तो नुसता ‘हो, हो, चुकलं’ म्हणत होता. मग परत आला. तो सहा वर्षांचा असताना गावच्या डॉक्टरांनी घशासाठी इंजेक्शन दिलं, तेव्हा अंगभर गांधी उठून डोळे मिटायला आले होते आणि बैलगाडीतून तालुक्याला नेलं होतं. आईला इंजेक्शनचं नावसुद्धा पाठ होतं. पेनिसिलिन.

सिस्टरने त्याच्या नावावर काट मारली. जाण्यायेण्याचे पैसे तेवढे मिळाले. तीन महिन्यांच्या मेसचं गणित कोसळलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मला काय बोलावं सुचेना. त्यानेच विचारलं, ‘मॅडम, म्हणजे हे आता मी कुठल्याही दवाखान्यात गेलो तरी सांगायचं ना?’

‘हो रे. प्रत्येक ठिकाणी. कुणी विचारलं नाही तरी सांगायचं.’

त्याने पिशवीतून नोट्सची वही काढली, कव्हरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं लिहिलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे का ते मला दाखवलं.