फुकट मोटार आणि सातबारा

कालपासून आमच्या नात्यात अशी शंका निघाली आहे की मी आत्याची जमीन खाल्ली. पुरावा एकच. मी तिच्या मुलाला माझी जुनी मारुती आठशे फुकट देतोय. नुसती देतोय असंही नाही, दुरुस्त करून देतोय. त्यातलं ‘दुरुस्त करून’ लोकांना जास्त खटकलंय.

गाडी २००३ ची. मंडईपर्यंत मेट्रो झाल्यापासून ती आमच्या सोसायटीत नुसती उभी असते आणि मांजरं तिच्या टपावर ऊन खातात. आत्या भोरला राहते, तिचे गुडघे गेलेत आणि गुडघ्यांचा डॉक्टर पुण्यात आहे. आतेभाऊ दर वेळी भाड्याची गाडी करतो. म्हटलं, घेऊन जा बाबा. पण भोरला जायचं म्हणजे कात्रजचा चढ आला, बोगदा आला, आणि क्लच तर असा घसरत होता की इंजिन जिवाच्या आकांताने ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. फुकट द्यायची म्हणून काय म्हाताऱ्या बाईला बोगद्यात बसवून ठेवायचं? मग ठरवलं, जेवढं लागतंय तेवढं करून द्यायचं, पण स्वस्तात.

आधी एका मोठ्या, काचेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. एक चुणचुणीत मुलगा टॅबलेट घेऊन गाडीभोवती फिरला आणि त्याने जो आकडा सांगितला त्यात जुन्या बाजारातून दुसरी आठशे आली असती आणि वर पेढे. मी म्हटलं, क्लच तेवढा दुरुस्त करा. तो म्हणाला, “सर, आम्ही रिपेअर करत नाही, रिप्लेस करतो.” आणि मग मान एका बाजूला कलती करून, हळुवारपणे, “सर, इमोशनल व्हॅल्यू असेल तरच करा.” पंचविशीतल्या पोराने माझ्या भावनांचंही एस्टिमेट काढलं होतं. पाण्याची बाटली मात्र फुकट दिली.

तिथून दत्तवाडीतल्या एका बोळात आलो. तिथला मिस्त्री माणूस म्हणून उत्तम, फक्त त्याचा चेहरा फारसा दिसत नाही, कारण तो कायम कुठल्या तरी गाडीखाली असतो. त्याने खालूनच निदान केलं. “सायेब, नुसती प्लेट टाकू नका. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही आणा. मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असती. महिन्यानं बेअरिंग बोंबललं की परत तेच.” रेडिएटर गळतोय त्याचं काय, विचारलं, तर म्हणाला, विकायची असती तर हळद टाकून गळती तात्पुरती बुजवली असती, द्यायचीय म्हणून झाळून देतो. या माणसाच्या सचोटीचं मला फार कौतुक वाटलं. बाकीच्या सगळ्या दुखण्यांचं कारण त्याच्या मते पेट्रोलमधलं इथेनॉल. रबरी नळ्या फुगल्या, इथेनॉल. काच खाली जात नाही, इथेनॉल.

सामान आणायला नाना पेठेत. तिथे दुकानदाराने तोंडही न उचलता विचारलं, “ओरिजनल देऊ, चालू देऊ का दिल्ली देऊ?” दिल्ली म्हणजे नकली माल, सगळ्यात स्वस्त. आत्याला दिल्लीच्या भरवशावर कात्रजला पाठवणं जिवावर आलं, म्हणून मधला घेतला. मधला म्हणजे काय, हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या गॅरेजमध्ये एक काका असतात.

ते मालक नाहीत. गिऱ्हाईक आहेत असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यात त्यांची बजाज चेतक उभी आहे, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर मिळायची त्या काळातली, आणि तिच्या सीटवर गॅरेजच्या पोरांचे चहाचे ग्लास ठेवलेले असतात. ‘गाडी होईपर्यंत बसतो’ म्हणून काका कधीतरी बसले, ते अजून बसलेलेच आहेत. कुठल्याशा ओम्नीतून उतरवलेलं मागचं सीट हे त्यांचं आसन. पुण्यातल्या मार्च महिन्यात अंगावर बिनबाह्यांचा स्वेटर. हातात पेपर असतो, पण तो वाचायला नव्हे, त्याची सुरळी करून समोरच्याकडे रोखायला.

“विकायला काढली वाटतं?” पेपर माझ्याकडे.

“नाही, द्यायची आहे.”

“कितीला?”

“तशीच. फुकट.”

काकांनी पेपर मांडीवर ठेवला. गाडीखालची ठोकठोक थांबली.

“कोणाला?”

“आतेभावाला.”

“त्याच्याशी बिनसलंय का?”

“बिनसलं असतं तर गाडी कशाला दिली असती?”

“अहो, बिनसल्याशिवाय माणूस गाडी देईल कशाला? आमच्या मेव्हण्याने मला असाच एक फ्रिज दिला होता. चालू. त्या फ्रिजचं लाइटबिल भरताना मी घाईला आलो. मेव्हणा अजून भेटला की विचारतो, काय, थंड होतंय ना?” काका थोडा वेळ त्या फ्रिजमध्ये राहिले. मग एकदम बाहेर आले. “कुठे असतो तुमचा आतेभाऊ?”

“भोरला.”

“भोर!” असं काही म्हणाले की मला वाटलं, यांचं कोणीतरी तिथे वारलंय. “भोरला तुमची जमीन असेल.”

“आहे थोडीशी. आजोबांची.”

“सातबाऱ्यावर कोण?”

“वडिलांच्या मागे आम्ही भाऊ.”

“आणि आत्या?”

“आत्याचा इथे काय संबंध? मी क्लचबद्दल…”

काकांनी मिस्त्रीकडे, म्हणजे मिस्त्रीच्या बाहेर आलेल्या पायांकडे बघितलं. “ऐकलंस?”

पाय म्हणाले, “ऐकलं.”

“हक्कसोडपत्र करून घेतलं होतं ना आत्यांकडून?”

“घेतलं असेल. मी तेव्हा शाळेत होतो. बायका सह्या करायच्याच तेव्हा.”

“करायच्याच,” काका म्हणाले. “साडी-चोळी घ्यायच्या आणि सही करायच्या. हां. पण २००५ चा कायदा माहीत आहे ना? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा. सप्टेंबर २००५.” मग गाडीच्या नंबराकडे बघत, “आणि ही गाडी २००३ ची.”

“मग?”

“काही नाही. वर्षं जुळवतोय.”

काय जुळलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण जुळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं, आणि पंक्चर काढणारा पोरगा ट्यूब पाण्यात तशीच धरून माझ्याकडे बघू लागला. मी तिथे एक सज्जन माणूस म्हणून गेलो होतो. आता माझ्याकडे मिळकतीच्या खटल्यातला प्रतिवादी म्हणून बघितलं जात होतं, आणि तेही हातात दुसऱ्याच्या गाडीचं ऑइल फिल्टर घेऊन.

“टायर किती टाकताय?” काकांचा पुढचा प्रश्न.

“चारही.”

“चारही! विकणारा माणूस दोन टाकतो. पुढचे. बारा इंची टायर आहेत म्हणून काय फुकट येत नाहीत. आणि स्टेपनी?”

“ती जुनीच राहू दे म्हटलं.”

“म्हणजे पूर्ण निर्दोष व्हायचं नाहीये तुम्हाला.”

आता खरं सांगतो, मला राग आला. जुनी गाडी विकणारा माणूस गिअरबॉक्समध्ये जाड ऑइल ओततो, म्हणजे दोन दिवस आवाज दबतो. सडलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, वर फवारा मारतो, आत सुगंधी बाटली टांगतो आणि ‘लेडीज ड्रिव्हन आहे’ म्हणतो. त्याला आपण व्यवहार म्हणतो. त्याला कोणी सातबारा विचारत नाही. उलट चहा पाजतात, दोन हजार कमी करा म्हणतात, प्रेमाने वागतात. मी माझ्या पैशाने क्लच टाकला, रेडिएटर झाळला, तर माझ्या आजोबांच्या इस्टेटीची वाटणी दत्तवाडीच्या बोळात निघाली. दानाला या शहरात जामीन लागतो.

बरं, सरकारचंही काही वेगळं नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. २०१८ ला मी त्यासाठी सहाशे रुपये भरले होते, २०२३ ला तेच काम पाच हजारांना पडलं, कारण मधे एप्रिल २०२२ उजाडला होता आणि फी वाढली होती. वर पर्यावरण कर. आळंदी रस्त्याच्या आरटीओत जाऊन गाडी दाखवून आलो, तिथल्या साहेबांनी तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा बघितलं. मग ती नवी नंबरप्लेट, ७४५ रुपये आणि वर कर. आज त्या गाडीवर सगळ्यात चकचकीत काही असेल तर ती प्लेट. मारुती आठशे १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत बंद झाली. पण या एका गाडीवर खर्च करण्याचं काही कोणी बंद करत नाही. भंगारात घाला म्हणतात. घातलीही असती, पण चालणारी वस्तू भंगारात घालायची आमच्या घरात पद्धत नाही. न चालणारीही आम्ही माळ्यावर ठेवतो.

दुरुस्ती मात्र झकास झाली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडून तिथे हातभर भोक पडलं होतं, त्यातून रस्ता दिसायचा. पावसाळ्यात नुसता दिसायचा नाही, आत यायचा. मिस्त्रीने तेलाचा पंधरा किलोचा डबा कापला, ठोकून सपाट केला, चारी बाजूंनी रिपिट मारले आणि कडेला डांबर फासलं. नवा पत्रा घेतला असता तर आठ दिवस आणि वर वेल्डिंग. आता चटई उचलली की क्लचच्या खाली पिवळ्यावर लाल अक्षरांत, उलटं, ‘शुद्ध शेंगदाणा तेल’ असं वाचता येतं. ‘तेल’मधल्या ‘ल’वर एक रिपिट बरोबर मधोमध बसलाय. मला ते काम इतकं आवडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला चटई उचलून दाखवत होतो. काकांनाही दाखवलं. काका वाकून बघून म्हणाले, “डबा कोणाचा?”

काल आतेभाऊ गाडी न्यायला आला. एसटीने स्वारगेटला उतरला, तिथून रिक्षा करून थेट गॅरेजमध्ये. मी फॉर्म २९ आणि ३० भरून, खुणा करून तयार ठेवले होते. तो खूश होता. स्टार्टर मारला, पहिल्या फटक्यात चालू. क्लच दाबून बघितला, म्हणाला, “दादा, लोण्यासारखा झालाय की.” मला भरून आलं. मी पेन दिलं.

ओम्नीच्या सीटवरून आवाज आला. “सही करताना वाचून करा हो. सगळ्या सह्या वाचून कराव्यात. आईंनी वाचली होती का?”

“कसली?” आतेभाऊ म्हणाला.

आणि मग काकांनी त्याला बसायला जागा करून दिली. त्या सीटवर मला आजवर कोणी बसवलेलं नाही.

ते दोघं काय बोलले ते मला पूर्ण ऐकू आलं नाही, कारण शेजारी कोणी तरी सायलेन्सर ठोकत होतं. ‘मोबदला’ हा शब्द ऐकू आला. ‘उद्या म्हणतील, गाडी दिली ना’ हे वाक्य ऐकू आलं. आतेभावाने फॉर्म ३० चा फोटो काढून कोणाला तरी पाठवला. मी म्हटलं, अरे तो आरटीओचा छापील फॉर्म आहे, त्यात जमीन कुठून येणार? तो म्हणाला, “तसं नाही दादा, माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझ्यावर नाही असं कुठं म्हणतोय मी?”

पाच मिनिटांत आत्याचा फोन. “काय रे, गाडीच्या बदल्यात माळाचं रान लिहून घेतोयस म्हणे?”

“आत्या, कसलं रान! तुझ्या गुडघ्यांसाठी देतोय गाडी.”

“मग गुडघ्यांसाठी सही कशाला लागतीये?” ती म्हणाली. मग आवाज खाली करून, “आणि बाळा, पुढं बसायला जागा ऐसपैस आहे ना?”

वकिलाचा निरोप संध्याकाळपर्यंत आला. प्रतिज्ञापत्र करायचं: सदर मोटार प्रेमापोटी व विनामोबदला देत असून तिचा कुठल्याही स्थावर मिळकतीशी संबंध नाही. मजकुराला माझी हरकत नाही. पण वकील म्हणतो मुद्रांकावर करा, आणि शंभरच्या मुद्रांकाचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आता पाचशे. नोटरी वेगळा. हे पाचशे कोणी भरायचे यावर घोडं अडलंय. आतेभावाचं म्हणणं, देणाऱ्याने भरावेत. माझं म्हणणं, दिलेलं पुरे झालं. तो पुन्हा एसटीने भोरला गेला आणि तिकिटाचे पैसे गाडीवर पडले असंही आत्याकडे बोलला, हे मला आज कळलं.

गाडी तिथेच उभी आहे. मिस्त्रीने आज फोन करून विचारलं, कागद होईपर्यंत बॅटरीची वायर सोडवून ठेवू का, उतरेल म्हणून. मी ठेव म्हणालो. मागून काकांचा आवाज आला, “आणि टायरही काढून ठेवा म्हणावं. नवे आहेत. उन्हात उगाच सुकतील. वाटलं तर माझ्याकडे ठेवतो.”