भिंतीचा फोटो आणि लेन्सचा निकाल

वाद पेटला तो कॅमेऱ्याच्या दोन ५० मिमी लेन्सच्या घरगुती तुलनेवरून. विटांच्या भिंतीचा प्रत्येकी एक फोटो, शंभर टक्के मोठे करून कापलेले कोपरे आणि खाली निकाल: पहिली लेन्स कोपऱ्यात सॉफ्ट, म्हणजे धूसर; दुसरी घ्या. पुण्यात डेक्कनच्या कट्ट्यावर मंदारने तो एका वाक्यात उडवून लावला.

"असल्या टेस्ट बघूच नयेत. हौशी माणसाकडे ना ऑप्टिकल बेंच म्हणजे लेन्स मोजायचं यंत्र, ना एका मॉडेलच्या दहा प्रती."

"मग बघायचं काय?" सायली म्हणाली. "लेन्स बारीक तपशील किती स्पष्ट टिपते ते दाखवणारे कंपन्यांचे एमटीएफ आलेख? झाइस कंपनी प्रत्यक्ष मोजून देते, पण कित्येक आलेख डिझाइनच्या गणितातूनच काढलेले असतात. कारखान्यात भिंग जरा तिरकं बसलं तर ते त्यात दिसणार कसं?"

शेखरकाकांनी मधेच विचारलं, "त्या तुलनेत एकाच लेन्सचे दोन फोटो होते का रे?"

नव्हते. आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. लेन्सची तुलना दुसरीशी करण्याआधी तिची स्वतःशीच करावी लागते. काकांची रीत अशी: फोकस मुद्दाम पूर्ण बिघडवायचा, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हाताने पुन्हा जुळवायचा, फोटो काढायचा. असं पाच वेळा. मग ट्रायपॉड उचलून परत मांडायचा आणि आणखी पाच. या दहा फोटोंत आपापसात जेवढा फरक पडेल, तेवढी त्या टेस्टची स्वतःची चूक. दोन लेन्समधला फरक त्याहून स्पष्ट मोठा असेल तरच बोलायचं.

"आणि कॅमेरा भिंतीला समांतर कसा लावणार?" मंदार हटेना. "स्पिरिट लेव्हलने?"

"लेव्हलने कॅमेरा जमिनीला समतल आहे एवढंच कळतं, डावी-उजवीकडे वळलाय का ते नाही," काका म्हणाले. "भिंतीवर छोटा आरसा सपाट चिकटव. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधोमध आलं की झालं."

हे फाजील लाड नव्हेत. ए३ आकाराच्या चार्टसमोर, म्हणजे लेन्स तपासायच्या छापील कागदासमोर, कॅमेरा एका अंशाने तिरका असला की दोन कडांच्या अंतरात सात मिलिमीटरचा फरक पडतो. ८५ मिमी लेन्स एफ १.४ ला (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, खूप उघडं ठेवून), मीटरभरावरून, पिक्सेलच्या पातळीवर तपासायची तर तेवढी डेप्थ ऑफ फील्डसुद्धा (जेवढ्या खोलीत चित्र स्पष्ट येतं ती) मिळत नाही. म्हणजे एक कड सॉफ्ट येणारच, आणि दोष लेन्सच्या माथी. शिवाय तोच चार्ट मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यात पूर्ण भरायला ३५ मिमी लेन्स जेमतेम अर्ध्या मीटरवर आणावी लागते. त्या अंतरावरचा निकाल दूरच्या डोंगराच्या फोटोला लागू होत नाही.

कोपरा खरंच खराब आहे का, हे ओळखायला काकांनी सोपी खूण दिली. कॅमेरा उलटा करा, आरशाने पुन्हा सरळ लावा, परत फोटो काढा. त्याच विटा सॉफ्ट राहिल्या तर दोष मांडणीचा किंवा भिंतीचा. सॉफ्टपणा समोरच्या कोपऱ्यातल्या विटांवर गेला तर लेन्सचं सेंटरिंग, म्हणजे आतल्या भिंगांची मांडणी, बिघडलेलं. पण तेही त्या एका प्रतीचं! लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलच्या अनेक प्रती बेंचवर मोजल्या, आणि प्रतीप्रतीत फरक असतोच हे दाखवलं.

"म्हणजे माझंच खरं," मंदार म्हणाला.

"अर्धंच," सायली म्हणाली. "चार्टवर जे दिसत नाही ते हौशी माणूसच दाखवतो. रात्री पर्वतीवरून शहराचे दिवे पूर्ण उघड्या ॲपर्चरला टिप. कोपऱ्यातल्या दिव्यांना पंख फुटले तर तो कोमा नावाचा दोष. एकाच बाजूला फुटले तर पुन्हा सेंटरिंग. समोरून ऊन आल्यावर चित्रावर पसरणारी चमक म्हणजे फ्लेअर, फोकसबाहेरच्या मागच्या दिव्यांच्या गोळ्यांचा आकार, याला बेंच नको. फरक एवढे ढळढळीत असतात की एका फोटोतही कळतात."

मला सायलीचं पटतं. कोपऱ्याच्या शार्पनेसची क्रमवारी हौशी टेस्टवरून लावू नये, पण फ्लेअर आणि कोम्यासाठी मी अशा टेस्टवर निर्धास्त विसंबेन.

मंदारने मग ४०० मिमीच्या, दूरचं टिपणाऱ्या लेन्सवाल्यांचा विषय काढला, जे शहरातून सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्यावर नेम धरतात. इथे मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. तापलेल्या गच्च्यांवरची हवा थरथरते आणि लेन्स फुकट बदनाम होते. सकाळी लवकर, तीसेक मीटरवरची पाटी बरी.

एफ १६ वरच्या, म्हणजे छिद्र अगदी लहान ठेवून केलेल्या, तुलनाही तशाच निकामी. तिथे डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून प्रकाश फाकल्याने) प्रकाशाचा ठिपका २१ मायक्रॉनच्या आसपास पसरतो आणि २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा पिक्सेल असतो ६ मायक्रॉनचा. चांगली-वाईट लेन्स सारखीच दिसते. बाकी ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंद, दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, लेन्स प्रोफाइल (सॉफ्टवेअरने दोष झाकणारं) आणि शार्पनिंग बंद. हे लिहिलेलं नसेल तर टेस्ट पुढे वाचू नये.

"सेकंडहँड घेताना एवढं कोण करू देतो?" मंदारने विचारलं.

"दुकानाबाहेर ये," काका म्हणाले. "समोरच्या इमारतीची एकच खिडकी निवड. पूर्ण उघडं ॲपर्चर, खिडकी फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आण, दर वेळी नव्याने फोकस कर. तीन कोपरे सारखे आणि चौथा वाईट आला, तर त्या चौथ्याचा आणखी दोनदा घे. तरी तसाच आला तर लेन्स परत दे."