प्रबंधाच्या परिशिष्टातली मुलं

पीएच.डी.चा प्रबंध जमा करताना वाङ्मयचौर्य तपासल्याचा अहवाल जोडावाच लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढे गेलं की कारवाई. हे योग्यच आहे. पण शाळेतल्या ज्या मुलांच्या जिवावर तो प्रबंध उभा राहिला, त्यांना कुणी विचारलं होतं का? औषधांच्या चाचणीला नैतिकता समितीची, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांचं हित जपलं जातंय का हे आधी तपासणाऱ्या समितीची, मंजुरी कायद्यानं लागते. शिक्षणशास्त्रातल्या संशोधनाला देशभर लागू असा तसा कायदा नाही.

एम.एड.चे लघुप्रबंध मी बरीच वर्षं वाचतेय. परिशिष्टात मुख्याध्यापकांचं शिक्क्याचं परवानगीपत्र असतं. पुढच्याच पानावर मुलांची यादी: पूर्ण नाव, प्रवर्ग, पूर्वचाचणीचे (प्रयोगाआधीचे) गुण, उत्तरचाचणीचे (प्रयोगानंतरचे) गुण. कधी वर मथळाही असतो, 'अप्रगत विद्यार्थी'. ही यादी ग्रंथालयात कायमची राहते, आणि ते मूल कोण हे गावातल्या कुणालाही कळतं. हे बघून मला खरंच राग येतो.

मुख्याध्यापकांची सही म्हणजे शाळेत यायची परवानगी, मुलांची संमती नव्हे. वर्गात बाईंनी सांगितलं, "ताई आल्यात, त्या देतील ते सोडवा," की सहावीतली कुठली मुलगी नाही म्हणणार आहे? आश्रमशाळेत तर आईवडीलही जवळ नसतात.

1939 साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीनं वाचादोषतज्ज्ञ वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना 'तुम्ही अडखळता' असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. मुलं बोलायलाच बिचकू लागली. विद्यापीठानं माफी मागितली ती 2001 मध्ये. तोही पदव्युत्तर पदवीचाच प्रबंध होता.

शिक्षणातल्या संशोधनालाही नैतिकता समिती हवी म्हटलं, की ती म्हणजे आणखी एक सही, आणखी सहा महिने, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते आणि ती रास्त आहे. वैद्यकीय नमुन्याचा लांबलचक फॉर्म इथे नकोच. अमेरिकेतल्या नियमांतही वर्गातल्या नेहमीच्या अध्यापनावरच्या संशोधनाला बरीच सूट आहे. आपणही साध्या कृतिसंशोधनाला, म्हणजे शिक्षकानं स्वतःच्याच वर्गातली अडचण सोडवायला केलेल्या अभ्यासाला, अशी सूट द्यावी. पण आराखडा मांडताना 'नमुना किती?', म्हणजे किती मुलं घेतली, असं विचारणाऱ्यांनी त्याच बैठकीत विचारावं: पालकांना त्यांच्या भाषेत सांगितलं का? मूल मधेच उठून गेलं तर चालेल का? नवी पद्धत उपयोगी ठरली, तर नियंत्रित गटातल्या, म्हणजे तुलनेसाठी जुन्याच पद्धतीनं शिकवलेल्या, मुलांना तसं नंतर कोण शिकवणार?

नावांच्या जागी क्रमांक घालायला तर कुठल्याच समितीची वाट बघायला नको. मार्गदर्शकांनी या वर्षीच्या प्रबंधांपासूनच ते करावं. आणि ग्रंथालयांत आधीच जाऊन बसलेल्या याद्यांचं काय करायचं, ते विद्यापीठांनी ठरवावं.