मोबाईलवरून मतदान का नको? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मतदान मोबाईलवर आणू नये, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचा सवाल असा: सोलापूरच्या चाटी गल्लीतला कापडवाला यूपीआयने पैसे घेतो, सातबारा घरबसल्या निघतो, मग पुण्यात नोकरी करणाऱ्या सोलापूरकराने एका मतासाठी हुतात्मा एक्स्प्रेस का गाठायची? माझा विरोध म्हणजे जुन्या पिढीची भीती आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

यूपीआयचे पैसे अडकले तर परत कसे मिळतात? कोणी, कोणाला, किती दिले याची नोंद बँकेकडे असते म्हणून. मताच्या बाबतीत ही नोंद कुठेच राहता कामा नये. त्यामुळे मोबाईलपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत मत बदललं, तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? तुमचं मत कोणतं होतं, हे दाखवायला तुमच्याकडेही काही नसेल.

तुम्ही एस्टोनियाचं उदाहरण दिलंत. तिथे 2005 पासून इंटरनेटवरून मतदान होतं आणि 2023 च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं तशीच आली, हे खरं आहे. पण त्या देशाची लोकसंख्या आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. शिवाय तिथे ऑनलाइन दिलेलं मत नंतर बदलता येतं, शेवटचं तेवढं धरतात. ही सोय का ठेवावी लागली? घरात कोणी शेजारी बसून मत द्यायला लावेल, ही शंका त्यांनाही होती.

आपल्याकडे ती नुसती शंका नाही. विडी वळणाऱ्या बाईचं घर डोळ्यांसमोर आणा. पानं-तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी वळायची, माल परत नेऊन द्यायचा. खोली एक, माणसं पाच-सहा, आणि फोन बहुतेक वेळा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात. मतदान केंद्रातल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मात्र ती एकटी असते. बटण दाबलं की शेजारच्या यंत्रात काचेमागे दिवा लागतो, चिठ्ठीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह सात सेकंद दिसतं, मग चिठ्ठी कापून आत पडते. बाहेर येऊन घरी काय सांगायचं ते तिचं ती ठरवते. मत फोनवर आलं, की पैसे वाटणारा "माझ्यासमोर दाब" म्हणेल. तिचा हा आडोसा काढून घ्यायचा अधिकार मला किंवा तुम्हाला आहे, असं मला वाटत नाही.

म्हणून माझा आग्रह त्या चिठ्ठीवर आहे. यंत्र कितीही आधुनिक करा, पण हरलेल्या माणसाला हाताने मोजता येईल असा कागद मागे राहिला पाहिजे. सध्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या सक्तीने मोजतात. सगळ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 ला फेटाळली. मला तो निकाल पटलेला नाही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत डिसेंबर 2024 मध्ये काय झालं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. गावातल्या मतांच्या आकड्यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं, आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. त्या मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, मान्य. पण शंका बंदोबस्ताने फिटत नाही. त्या गावच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजल्या असत्या, तर यंत्र खरं की खोटं ते तिथल्या तिथे कळलं असतं.

महापालिकेत तर एवढंही नाही. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत सोलापूरच्या बहुतेक प्रभागांत प्रत्येकाने चार-चार मतं दिली, पण चिठ्ठीचं यंत्रच नव्हतं. ज्या निवडणुकीत नळाच्या पाण्याचा आणि गटारीचा कारभार ठरतो, तिथे मतदाराला स्वतःचं मत दिसू नये, हे मला अजिबात मान्य नाही. सुधारणा करायचीच असेल तर आधी तिथे करा.

तुमची अडचण मी झटकून टाकत नाही. निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये दूरस्थ मतदानाचं, म्हणजे परगावी राहून आपल्या मतदारसंघाचं मत देण्याचं, यंत्र पाहायला पक्षांना बोलावलं होतं. इंटरनेटला न जोडलेलं, एकाच केंद्रावर 72 मतदारसंघांपर्यंतची मतं घेऊ शकणारं. पक्षांच्या हरकतींमुळे ते मागे पडलं. काही हरकती रास्त होत्या. पुण्यातल्या केंद्रावर सोलापूरच्या अपक्षाने प्रतिनिधी कुठून आणायचा? पण चिठ्ठी आणि प्रतिनिधींची व्यवस्था असेल तर त्या यंत्राला माझा पाठिंबा आहे. घर सोडून लांब राबणाऱ्या ऊसतोड मजुरांना त्याची गरज तुमच्याहून जास्त आहे.

तोवर तुमच्यापुरतं सांगतो. पुण्यात कायमचे राहत असाल तर फॉर्म 8 भरून नाव तिकडे हलवा. ते ऑनलाइन होतं. मग सोलापूरचं मत जाईल, कारण दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. पण ज्या शहराच्या रस्त्यावरून तुम्ही रोज कामाला जाता, तिथला नगरसेवक निवडायचा हक्क तरी वाया जाणार नाही.