डोंगलचे ११५० रुपये आणि ‘आपोआप’ सुरू झालेलं वायफाय: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात. पूर्ण फ्री (म्हणजे सगळा सोर्स, मूळ कोड, खुला असलेला) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकायला दिलेल्या लॅपटॉपचं वायफाय आम्ही बंद पाडलं, ऑनलाइन ४९९ ला मिळणारा यूएसबीत लावायचा वायफाय डोंगल ११५० ला गळ्यात मारला, आणि घरी अपडेट केल्यावर आतलं वायफाय आपोआप सुरू झालं, म्हणजे डोंगलची गरजच नव्हती, असं लिहिलंत. ‘लॅमिंग्टन रोडवर सगळे असेच’ हेही लिहिलंत. तुम्हाला दोन खेपा पडल्या, मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. एक चूक खरंच आमची आहे, ती खाली कबूल केली आहे. पण ‘फसवलं’ हा शब्द फार लागला. आमचं पोट या काउंटरवर आहे आणि पुढचं गिऱ्हाईक आधी हेच वाचतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मशीनमध्ये इंटेलचं ६२०५ वायफाय कार्ड आहे. ते सुरू होताना ड्रायव्हर त्याच्यात एक फर्मवेअर फाइल, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, चढवतो. तिचा सोर्स मिळत नाही आणि ती बदलायची मुभा नाही. तुम्हाला हवा होता तो फ्री कर्नल, लिनक्स-लिब्रे, म्हणजे असे बंद तुकडे आणि ते मागवणारा कोड काढून टाकलेला कर्नल. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन लॅटिन अमेरिकेची मंडळी प्रत्येक नव्या आवृत्तीवर ही साफसफाई करतात. त्यामुळे ती फाइल तुमच्या डिस्कवर पडून असली तरी हा कर्नल ती मागतच नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) फाइलच्या नावाच्या जागी ‘डीब्लॉब्ड’ असा शब्द दिसतो. ती ओळ काउंटरवर तुम्हाला स्क्रीनवर दाखवली होती. कार्ड तेव्हाही धडधाकट होतं, आजही आहे. स्क्रीन, आवाज, टचपॅड, वेबकॅम यांना अशी फाइल लागत नाही, म्हणून ते सगळं लिब्रेवर पहिल्या बूटपासून चाललं.

मग घरी वायफाय कसं सुरू झालं? तुम्ही रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोतच त्याचं उत्तर आहे. टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’ (चालू कर्नलचं नाव सांगणारी कमांड) च्या खाली जी ओळ आली आहे तिच्या शेवटी ‘+डेब१३-एएमडी६४’ आहे. लिब्रे चालू असता तर शेवटी ‘-जीएनयू’ दिसलं असतं. घरच्या अपडेटमध्ये तुम्ही डेबियन (तुमच्या मशीनवरचं लिनक्स) १२ वरून १३ वर गेलात, त्यासोबत डेबियनचा ६.१२ कर्नल आला. आम्ही फ्रीश या लिब्रे कर्नलच्या रेपोमधून (पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यातून) ६.६ मालिकेचा लिब्रे टाकला होता. ग्रब (सुरुवातीला कर्नल निवडणारा मेनू) मोठ्या आकड्याचा कर्नल वर ठेवतो आणि वरचाच बूट करतो. डेबियनने २०२२ च्या मतदानानंतर १२ पासून बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे इंटेलची फाइल तुमच्या डिस्कवर आधीपासून होती. डेबियनच्या कर्नलने ती उचलली आणि कार्ड जागं झालं. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही मशीन आमच्याकडे आणलंत ते काम त्या दिवशी उलटलं, आणि वायफाय चालू झालं ते त्याचंच लक्षण.

आमची चूक इथे आहे. लिब्रे कधी बूट झाला नाही तर हाताशी काही असावं म्हणून डेबियनचं ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे पॅकेज आम्ही ठेवलं. ते असलं की प्रत्येक अपग्रेडला डेबियनचा नवा कर्नल येणारच. लिब्रे आठ-दहा दिवस नीट चालल्यावर ते काढायचं असतं, आणि हे बिलावर लिहून द्यायला हवं होतं. आम्ही फक्त तोंडी सांगितलं.

आता डोंगल. लिब्रेवर चालणारे यूएसबी डोंगल मोजकेच आहेत. आम्ही देतो तो एआर९२७१ चिपचा, कारण त्या चिपचं फर्मवेअर २०१३ मध्ये सोर्ससकट खुलं झालं आणि डेबियनच्या मुख्य रेपोत आहे. तुम्ही जी ४९९ ची लिंक दिलीत ती टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन ची. नाव तेच, अँटेना तशीच, खोकाही जवळपास तसाच. पण एआर९२७१ फक्त पहिल्या आवृत्तीत होती. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत रियलटेकची ८१८८ मालिकेची चिप आहे आणि तिला बंद फर्मवेअर लागतं. लिब्रेवर तो डोंगल लावलात तर दिवाही लागणार नाही. तुमच्या लिंकमधल्या फोटोत खोक्यावरच्या स्टिकरवर ‘व्हर्जन ३’ स्पष्ट वाचता येतं, जरा मोठा करून बघा. तुम्हाला दिलेला डोंगल लावून ‘एलएसयूएसबी’ (लावलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी कमांड) चालवा, ०सीएफ३:९२७१ हा आकडा दिसेल. तो दिसला नाही तर ११५० रुपये त्याच दिवशी परत.

पहिल्या आवृत्तीचा माल आता नव्याने येत नाही. जुन्या स्टॉकमधून एक-एक शोधावा लागतो, खोक्यावर विश्वास ठेवता येत नाही, प्रत्येक नग लावून तपासावा लागतो. आम्हाला तो ९०० ला पडला. परदेशातून मागवला तर पाठवणावळ आणि कस्टम धरून याहून महाग पडतो. अडीचशे रुपयांत तपासणी आणि महिनाभराची बदलून देण्याची हमी आहे. खरेदीचा भाव असा उघड कोणी लिहीत नाही, पण तुम्ही ‘लूट’ म्हणालात म्हणून लिहिला. घरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यावर दिसत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. ही चिप २.४ वरच चालते, वेग कागदावर १५० एमबीपीएसपर्यंत. राउटरवर २.४ चालू ठेवा, एवढाच उपाय.

आतलंच कार्ड बदलून का दिलं नाही, हेही विचारलंत. अथेरॉसचं एआर९२८५ सारखं कार्ड साडेतीनशेत मिळतं आणि त्याला फर्मवेअरच लागत नाही, म्हणून सगळ्यात आधी तेच लावून पाहिलं. पण तुमच्या मॉडेलच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) मान्य कार्डांची यादी आहे. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की काळ्या स्क्रीनवर १८०२ एरर येते आणि मशीन पुढे जात नाही. ती यादी काढायची तर बोर्डवरच्या चिपला क्लिप लावून बायोस नव्याने लिहावा लागतो. त्यात बोर्ड जाऊ शकतो. २०१२ च्या सुमाराच्या बोर्डावर ती जोखीम तुमच्या पैशाने घेणं मला पटलं नाही.

‘तासाभराच्या कामाला दोन दिवस’ याबद्दल एकच. लिब्रे कर्नलवर डेबियनची सही नसते, सिक्युअर बूट (सही नसलेला कर्नल अडवणारी बायोसची सोय) चालू असेल तर ‘बॅड शिम सिग्नेचर’ येऊन थांबतो. तो बंद करायला बायोसचा पासवर्ड लागला, तो तुमच्याकडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला.

घरीच दुरुस्त करायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी ‘डीएफ -एच /बूट’ने कर्नल ठेवायच्या भागातली मोकळी जागा बघा. तुमचं /बूट ४८८ एमबीचं आहे आणि आत्ता त्यात तीन कर्नल आहेत. चौथा टाकायला गेलात तर इनिटरामएफएस (कर्नलसोबत बूटला लागणारी फाइल) बनताना जागा संपते आणि पॅकेज टाकणारं अ‍ॅप्ट अर्धवट अडकतं, म्हणून डेबियन १२ चा ६.१ आधी पर्ज करा (पूर्ण काढून टाका). मग रीस्टार्ट करून ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ६.६-जीएनयू निवडा आणि यूनेमने खात्री करा. त्यानंतरच ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ आणि ६.१२ चा डेबियन कर्नल पर्ज करा. चालू असलेलाच कर्नल चुकून काढायला गेलात तर ‘रिमूव्हल थांबवू का’ असं विचारणारी स्क्रीन येते, तिथे ‘येस’ म्हणजे थांबव, काढ नव्हे. इथे बरेच जण फसतात. अपग्रेडच्या वेळी फ्रीश रेपोची ओळ बंद केली असेल तर ती चालू करा, फ्रीशचं की-रिंग (सही तपासायच्या किल्ल्यांचं) पॅकेज ताजं करा, आणि ६.१२ मालिकेचा लिब्रे टाका. पुढचे पॅच त्याच मालिकेत येत राहतील. जुने -जीएनयू कर्नल साठले तर एक मागचा ठेवून बाकीचे काढा.

यापुढे डोंगलची चिप, २.४ ची मर्यादा आणि डेबियनचा कर्नल कधी काढायचा हे बिलावर लिहून देऊ, बाकीही सुधारणा करत आहोत. तुमच्या मशीनचं वरचं काम आम्ही फुकट करून देऊ. रविवार सोडून कधीही या, साधारण पाऊण तास लागेल. येताना चार्जर, डोंगल आणि बायोसचा पासवर्ड तेवढा आणा.