थांबा म्हणे!

आज इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रिटायरमेंटवर सेमिनार होता. वडापाव आणि चहा होता म्हणून गेले, खोटं कशाला बोलू. टाय लावलेला आपलाच एक मुलगा स्लाइड्स दाखवत होता. 62 व्या वर्षी सोशल सिक्युरिटी, म्हणजे पगारातून कापलेल्या पैशांवर मिळणारं सरकारी पेन्शन, सुरू केलीत तर 30 टक्के कमी, तेही जन्मभर. 67 पर्यंत थांबलात तर पूर्ण. 70 पर्यंत थांबलात तर अजून जास्त. "फक्त थांबायचं, बास!"

मागून एक काका म्हणाले, "आपले लोक थांबतात हो. ते काळे 62 चे झाले की लगेच हात पसरतात." हॉल हसला. मी चहा तसाच टाकून बाहेर आले. तिथेच बोलायला हवं होतं, तोंड उघडलं नाही. म्हणून आता इथे.

माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा चार वर्षं एक बाई आमच्याकडे यायची. मूळची दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातली, कृष्णवर्णीय, साठीला टेकलेली. पहिल्या दिवशी आई मराठीत म्हणाली, "हिच्या हातचं पाणी मी पिणार नाही." लिहिताना लाज वाटतेय, पण उगाच दचकू नका, तुमच्याही घरात हेच बोललं गेलंय. दोन महिन्यांत त्या बाईने आईकडून आकडे शिकून घेतले. काखेत हात घालायची, स्वतःचे गुडघे वाकवायची आणि म्हणायची, "एक, दोन, तीन, ऊठ आई!" पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, परत पलंगावर. दिवसातून सहा-सात वेळा. आई 74 किलोची. उचलायचं मशीन होतं, पण ते दोघांनी मिळून चालवायचं असा एजन्सीचा नियम, आणि एजन्सी माणूस एकच पाठवणार! आम्ही तासाला 25 डॉलर मोजायचो, तिच्या हातात 12 पडायचे. आमच्याकडून निघाली की दुसऱ्या घरी रात्रपाळी.

आणि काका म्हणतात, लगेच हात पसरतात! म्हणजे साठवलं का नाही, असंच ना?

तिची आजी आणि आई, दोघींनी जन्मभर गोऱ्यांच्या घरी धुणं-स्वयंपाक केला. 1935 साली सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकामवाल्या त्यातून वगळल्या होत्या. दक्षिणेत ही कामं कोण करत होतं, हे वेगळं सांगायला नको. 1950 च्या दुरुस्तीनंतर घरकामवाल्यांना वाट मिळाली, पण मालकीण रोख हातावर ठेवणार, नोंद कुठेच नाही. तिच्या आईचं म्हातारपण या लेकीच्या पगारावर निघालं. आपल्या मुलांना 401 के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं, वारशात मिळतं, तिला औषधांची बिलं मिळाली.

थांबण्याचंच म्हणताय ना? टेनेसीतल्या मेम्फिस शहरात 1968 साली एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसाचा आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि कचरा दाबायच्या प्रेसमध्ये चिरडले गेले. त्यातून सफाई कामगारांचा संप पेटला. मार्टिन ल्यूथर किंग त्या संपासाठी तिथे गेले आणि तिथेच त्यांना गोळी घातली. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कोणी सांगत नाही. त्या संपकऱ्यांना पालिकेचं पेन्शन नव्हतं, त्यातला एक तर ऐंशी ओलांडूनही कामावर जात होता. 2017 साली शहराला जाग आली आणि जे हयात होते त्यांना प्रत्येकी 50 हजार डॉलर द्यायचं ठरलं. हे थांबले बरं का, काका. पन्नास वर्षं थांबले.

आणि थांबायला आधी तेवढं जगावं लागतं. हो, गोरे खाणकामगारही खोकून खोकून मरतात, मान्य. आमच्याकडची बाई सिगारेट ओढायची, तेही मान्य. पण कोविडच्या आधी, 2019 मध्येसुद्धा, इथल्या गोऱ्यांचं सरासरी आयुर्मान 78.8 होतं आणि काळ्यांचं 74.8. पासष्टी गाठलेल्यांत हा फरक बराच कमी होतो, असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. बरोबर आहे. गाठतात किती, तेही लिहा मग. त्या माणसांच्या पगारातूनही दर महिन्याला तेवढाच टक्का कापला जात होता.

इतका वेळ काकांवर तोंड सोडलं. आता माझं. एका सकाळी ती बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेली दिसली. भिंतीला टेकून, डोळे मिटून. पाठीत चमक भरली होती, उठता येईना. आई मात्र व्यवस्थित खुर्चीत. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं माहितीये? "मग उद्या कोण येईल?" तिला पाणीसुद्धा मी नंतर दिलं. दिवाळीला चकल्यांचा डबा आणि शंभर डॉलर दिले की मला फार उदार वाटायचं. तिच्या मणक्याचं पुढे काय झालं, एजन्सीने काय दिलं, चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.

आई 2022 ला गेली. 2023 मध्ये ही 62 ची झाली आणि त्याच महिन्यात तिने सोशल सिक्युरिटी सुरू केली. 30 टक्के कमी. तिला गणित कळत होतं. गुडघ्यांना कळत नव्हतं.

सेमिनारहून आल्यावर तिला फोन लावला, बऱ्याच महिन्यांनी. आवाज तसाच खणखणीत. आईची आठवण काढली. मध्येच म्हणाली, थांब, गोळ्या आतल्या खोलीत राहिल्यात. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची करकरली, आणि लांबून ऐकू आलं, "एक, दोन, तीन... ऊठ."