लिननच्या सुताने विणू नये, हे म्हणणे बरोबर नाही

बेळगाव-खानापूर भागातील विणकाम करणाऱ्या महिलांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. जवसाच्या देठातील तंतूंपासून काढलेले लिननचे सूत दोन सुयांवर विणण्याजोगे नाही, कारण ते अंगाला टोचते, पाण्यात दुबळे पडते आणि ताणत नाही. शिवाय जवस आपल्याच शेतात पिकत असताना त्याच्या सुताला एवढी किंमत लावणे ही फसवणूक आहे, असे त्यात म्हटले आहे. गेल्या पावसाळ्यात मी प्रथमच लिननची ओढणी विणली, म्हणून याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

जवसाचे आधी पाहू. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, ज्याला कानडीत अगसी म्हणतात, तेच हे पीक आहे. परंतु आपल्याकडे ते रब्बीत बियांसाठी घेतात आणि त्या जातींचे रोप बुटके व फांद्यांचे असते. धाग्यासाठी उंच, सरळ देठाच्या जाती लागतात आणि त्या प्रामुख्याने फ्रान्स, बेल्जियम व नेदरलँड्स येथील थंड, दमट पट्ट्यात होतात. ती रोपे मुळासकट उपटून, शेतातच दवावर कुजवून, नंतर कांडून व विंचरून तंतू सुटा करावा लागतो. किमतीत हे सारे श्रम आहेत.

लडी उघडली तेव्हा ते सूत मलाही सुतळीसारखे लागले होते आणि दहा ओळींतच बोटांची पेरे दुखू लागली. टाकेही लहानमोठे दिसत होते. तरीही 30 टाक्यांचा नमुना पुरा करून मी तो कोमट पाण्यात धुतला, पंच्यात गुंडाळून दाबला आणि सपाट पसरून वाळवला. वाळल्यावर टाके एकसारखे बसले होते, नमुना थोडा लांबला होता आणि हाताला निश्चितच मऊ लागत होता. पुढच्या प्रत्येक धुण्यात तो आणखी नरमला. न धुतलेल्या विणीवरून लिननची पारख करणे, हीच त्या संदेशातील मोठी चूक आहे.

पाण्यात दुबळी पडते ती लोकर. लिनन ओले असताना कोरड्यापेक्षा अधिक मजबूत असते.

ताणत नाही, हे मात्र खरे आहे. लोकर तुटण्याआधी 25 टक्क्यांहून अधिक ताणते, लिनन जेमतेम 2 ते 3 टक्के. त्यामुळे स्वेटरची मनगटाची पट्टी त्यात सैल पडते. ओढणीला किंवा उन्हाळी सैल कुडत्याला त्या ताणाची गरजच नसते, उलट लिननचे अंगावरून सैल लोंबणे त्यांना शोभते. स्टीलच्या सुईवरून टाके निसटतात, म्हणून बांबूच्या सुया घ्याव्यात आणि हात सैल ठेवावा.

हा संदेश वाचून ज्यांनी अर्धे विणकाम उसवायला काढले आहे, त्यांनी आधी सुईवरचे टाके जाड दोऱ्यावर उतरवून तेवढाच तुकडा धुऊन पाहावा.